पोस्टर बघताना मी आधी अडचण शोधते

उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा प्रश्न आहे: ‘तुमच्या कामाला कोणत्या ग्राफिक डिझायनरांची, पोस्टर करणाऱ्यांची प्रेरणा मिळाली? मी रोज ढीगभर पोस्टरं सेव्ह करते, पण स्वतः करायला बसले की सगळं कुठेतरी बघितल्यासारखंच होतं. नेमकं कोणाचं काम बघू, आणि बघायचं कसं?’

नावं सांगतेच, पण त्याआधी माझी निवडीची चाळणी सांगते, म्हणजे यादी अशी विचित्र का आहे ते कळेल. मी पुस्तकांची मुखपृष्ठं आणि नाटकांची पोस्टरं करते. सुरुवात केली तेव्हा ब्रोमाइड (फोटोच्या कागदावर काढलेला मजकूर) कापून, रबर सोल्युशननं चिकटवून आर्टवर्क व्हायचं. आता सगळं स्क्रीनवर होतं. या काळात शैली बऱ्याच आल्या आणि गेल्या. टिकून कामाला आलेली माणसं मात्र एकाच जातीची निघाली. त्यांच्यापुढे काहीतरी ठोस अडचण होती: जागा नाही, कागद रद्दी, रंग दोनच, नटाचा फोटो नाही किंवा नटच दहा. त्या अडचणीवर त्यांनी काढलेला तोडगा आजही पोस्टरवर बोट ठेवून दाखवता येतो. शैली उचलली तर ती उसनी दिसते. तोडगा उचलला तर तो कोणाकडून आणला हे बघणाऱ्याला कळतही नाही, कारण तुमची अडचण वेगळी असते. तुमचं सगळं ‘बघितल्यासारखं’ होतं ते बहुतेक यामुळेच. सेव्ह करताना तुम्ही फक्त उत्तरं गोळा केलीत, त्यांच्यामागची गणितं राहून गेली.

माझ्या यादीत पहिलं नाव कमल शेडगे. ते पोस्टरवाले नव्हेत, ते तर अक्षरं काढायचे, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. 1935 साली जन्मलेले आणि 2020 मध्ये गेलेले शेडगे ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या कला विभागात होते आणि मराठी नाटकांची असंख्य शीर्षकं त्यांच्या हातची आहेत. ‘चंदेरी’, ‘षटकार’ या मासिकांची नावंही त्यांनीच काढलेली. वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान डोळ्यांपुढे आणा. एकेका नाटकाला मिळते दोन बोटं उंचीची चौकट. तीत नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शक, कलाकार, नाट्यगृह, वार, वेळ. शेजारी तशाच आणखी वीस चौकटी आणि प्रत्येकीला ओरडायचंय. कागद न्यूजप्रिंट, शाई एकच, तीही पसरणारी. बारीक रेघ काढली तर ती मरते, दोन रेघा जवळ आणल्या तर त्या एकमेकींत मिसळतात. चित्राला जागा नाही, म्हणून अक्षरालाच चित्र व्हावं लागतं.

देवनागरीची स्वतःची एक अडचण यात भर घालते आणि ती इंग्रजी पोस्टरं बघून कधीच कळत नाही. रोमन कॅपिटल अक्षरं चौकटीची सगळी उंची वापरतात. आपल्या अक्षरांना शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार यांना जागा लागते आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांना. मधल्या पट्ट्यात अक्षराचं मुख्य अंग बसतं आणि त्याला जेमतेम निम्मी उंची मिळते. म्हणून त्याच मापात टाइप केलेलं मराठी शीर्षक इंग्रजीपेक्षा नेहमी लहान आणि कुपोषित दिसतं. क्लायंट म्हणतो ‘नाव मोठं करा’, आपण मोठं करतो, वेलांटी चौकटीबाहेर जाते.

उदाहरणादाखल ‘विठ्ठल’ हा शब्द घ्या. पहिली वेलांटी वर कमान करून उभी. खाली ठ ला ठ लागला की तो ओळीखाली उतरतो. दोन्हीकडून जागा खाल्ली. आता काय काय करता येईल? वेलांटीची कमान चपटी करून ‘ल’च्या टोकापर्यंत ताणा, की तीच छपराची रेघ होते आणि वरची वाया जाणारी जागा कामाला लागते. किंवा शिरोरेषा काढूनच टाका. मग वेलांटीला शिरोरेषेचा आधार राहत नाही, पण बाकीची अक्षरं उंच करायला मोकळीक मिळते. किंवा उलटं करा. ठ्ठ लपवण्याऐवजी तोच मोठा करा. दोन गोल एकाखाली एक, म्हणजे एक उभी आकृती तयारच आहे. ‘वि’ आणि ‘ल’ तिच्या दोन बाजूंना कमरेच्या उंचीवर आणले की कमरेवर हात ठेवलेला विठोबा होतो, आणि आपण एकही चित्र काढलेलं नसतं. यातला कुठलाही तोडगा फाँटमध्ये मिळत नाही. फाँट बिचारा प्रत्येक शब्दाशी सारखाच वागतो, तेच त्याचं काम.

शेडग्यांच्या शीर्षकांत मला हे सतत दिसतं. अमुक एक ‘शेडगे शैली’ अशी पकडता येत नाही, कारण प्रत्येक शब्दातली अडचण जिथे आहे तिथेच त्यांनी हात घातलेला असतो. विनोदी नाटकाचं अक्षर डुलतं, ऐतिहासिकाचं धारदार होतं, हा ढोबळ भाग झाला. त्याची नक्कल आजही रस्त्यारस्त्यावर दिसते. ऐतिहासिक म्हटलं की प्रत्येक काना तलवारीसारखा टोकदार! ते नका शिकू. उकार कुठे वळवलाय, जोडाक्षर कसं मोडलंय, दोन शब्दांच्या मधली जागा कशी खाल्लीय, ते बघा.

शेडग्यांच्या जोडीला र. कृ. जोशी हवेतच. ‘उल्का’ या जाहिरात संस्थेत काम केलेला, आयआयटी मुंबईच्या ‘आयडीसी’ या डिझाइन विभागात शिकवलेला हा कवी-सुलेखनकार 2008 मध्ये गेला. कुंचल्यानं भिंतभर अक्षरं काढणारा हा माणूस विंडोजमधल्या ‘मंगल’ या फाँटचा कर्ता आहे, हे सांगितलं की मुलं दचकतात. मंगलला नावं ठेवायची फॅशन आहे. पण ज्या काळात कॉम्प्युटरच्या पडद्यावर एका अक्षराला मोजके ठिपके मिळत होते, त्या ठिपक्यांत क्ष, ज्ञ आणि रफार वाचता यावेत यासाठी तो केला होता. लग्नाच्या बॅनरवर तो बारा फूट रुंद ताणला जातो हा जोशींचा दोष नाही. मी त्यांच्याकडून हे घेतलं की अक्षर कुठल्या साधनानं काढलंय ते त्याच्या अंगावर दिसलं पाहिजे. बोरूचं अक्षर बोरूसारखं वळतं, ब्रशचं ब्रशसारखं सुटतं. माउसनं बोरूची नक्कल केली की जाड-बारीक भलत्याच ठिकाणी येतं आणि का खटकतंय ते न कळताही वाचणाऱ्याला खटकतं.

आता परदेशात जाऊ. अक्षरानंच नाटक विकायचं हा प्रकार न्यूयॉर्कमध्ये पॉला शेअरनं ‘पब्लिक थिएटर’ या नाट्यसंस्थेसाठी 1994 पासून केला. जुन्या लाकडी टाइपासारखी ठोकळेबाज अक्षरं, वेगवेगळ्या जाडीची, आडवी-उभी-तिरकी, पोस्टरच्या काठापर्यंत कोंबलेली. ते बघून आपल्याकडच्या पुष्कळांनी शब्द तिरके केले. पण तिची अडचण होती शहराचा गोंगाट. त्या गोंगाटात शांत पोस्टर कोणाच्या नजरेला पडलंच नसतं. आपल्याकडे नाट्यगृहाबाहेर फलकावर आधीच चाळीस गोष्टी कोंबलेल्या असतात, तिथे तोच उपाय उलटतो. मी एकदा एका पोस्टरवर वरची दोन तृतीयांश जागा पांढरीच सोडली होती. संस्थेचे लोक नाराज झाले (‘एवढी जागा वाया?’), पण बाहेर लावल्यावर त्या भिंतीवर दिसत होतं ते तेवढंच.

पोलंडच्या लोकांवर मात्र मी थोडं रेंगाळणार आहे, कारण माझ्यावर त्यांचं ऋण सर्वांत मोठं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर वॉर्सा शहर दगडविटांचा ढीग झालं होतं. सिनेमाचं वितरण सरकारी ‘फिल्म पोल्स्की’कडे आलं. त्यांनी हेन्रिक तोमाशेव्स्की आणि त्याच्या बरोबरीच्या काही चित्रकारांना पोस्टरं करायला बोलावलं. सिनेमाची पोस्टरं म्हणजे तेव्हा नटनट्यांचे चेहरे, चुंबनं आणि पिस्तुलं. प्रतिष्ठित चित्रकारानं हात लावावा असं ते काम नव्हतं. या चित्रकारांनी अट घातली की आमच्या पद्धतीनं करू देणार असाल तरच करू. सरकारनं मान्य केलं. स्पर्धा नव्हती, सिनेमा एकाच मालकाचा होता, तिकीटविक्रीसाठी नटाचा चेहरा पुढे करायची घाई नव्हती. छपाईचा कागद इतका वाईट की त्यावर फोटो घाणच उमटला असता. मग उरलं काय? हातानं रंगवलेला आकार, हातानं काढलेलं अक्षर आणि सिनेमा बघून डोक्यात राहिलेली एक कल्पना. 1948 साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात एकट्या तोमाशेव्स्कीला सिनेपोस्टरांसाठी पाच पहिली बक्षिसं मिळाली.

यात एक टोचणारी गोष्ट आहे. त्या राजवटीत पुष्कळ गोष्टी उघड बोलता येत नव्हत्या. पण पोस्टर रूपकात बोलायचं आणि कुंपणावर लागायचं. ‘पोलिश स्कूल’चे, म्हणजे या पोस्टर-परंपरेचे, भक्त स्वातंत्र्याचे गोडवे गातात तेव्हा हे विसरतात की ती मोकळीक एका बंद खोलीतली होती. मला त्यात आदर्श वगैरे काही दिसत नाही, पण त्या कोंडीत हात किती बोलका होतो ते दिसतं.

यान लेनिकाचं ‘वोत्सेक’ बघा. आल्बान बेर्गच्या ऑपेरासाठी 1964 साली केलेलं. 1966 मध्ये वॉर्सात पहिलं आंतरराष्ट्रीय पोस्टर बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारं प्रदर्शन) भरलं तिथे त्याला सुवर्णपदक मिळालं. लाल रंगाचे पट्टे एकात एक, लाटांसारखे, आणि मधोमध उघडं तोंड. बस. कुठे सैनिक नाही, चाकू नाही, तळं नाही. ऑपेराची गोष्ट माहीत नसलेल्यालाही कळतं की कोणीतरी ओरडतंय आणि ते ओरडणं थांबत नाहीये. मी ते पहिल्यांदा एका पुस्तकात बघितलं तेव्हा चित्राकडे नाही, रेघांच्या कडांकडे बघत बसले. कड हाताची आहे, कुठे किंचित जाड, कुठे बारीक. तीच कड व्हेक्टरमध्ये (कॉम्प्युटरनं आखलेल्या रेघेत) गुळगुळीत करा. आवाज बंद होतो. मी खरोखर करून बघितलंय, तुम्हीही करा.

आणि तादेउश त्रेप्कोव्स्कीचं 1952 चं ‘नाही!’. आकाशी निळ्यावर खाली येणारा बॉम्ब, पण बॉम्बच्या आकारातच उद्ध्वस्त इमारत दिसते. खाली एकच शब्द. हा माणूस चाळिशीत गेला. पोस्टरात दोन गोष्टी शेजारी ठेवणं सोपं असतं: इकडे बॉम्ब, तिकडे घर. एकीच्या पोटात दुसरी घातली की बघणाऱ्याला क्रम शोधावा लागत नाही. कारण आणि परिणाम दोन्ही एकाच क्षणी समोर येतात.

याच घराण्यातला, पण जपानमधला, शिगेओ फुकुदा. महायुद्ध संपल्याला तीस वर्षं झाली त्या निमित्तानं 1975 च्या स्पर्धेसाठी त्यानं ‘व्हिक्टरी 1945’ केलं. पिवळ्या पार्श्वभूमीवर तिरकी काळी तोफेची नळी आणि हवेत एक गोळा, पण गोळ्याचं टोक नळीकडे. परत येतोय. पोस्टरात रंग दोन-तीनच, आकार दोन, आणि फिरवलेली गोष्ट एक. विद्यार्थ्यांना मी हे देते आणि म्हणते, गोळा सरळ करून बघा. सरळ केला की ते शस्त्रास्त्र कारखान्याचं कॅलेंडर होतं! सगळा विचार एका दिशेत आहे. आपल्या पोस्टरात अशी एक गोष्ट कोणती, जी बदलली तर अर्थच उलटेल? तशी कुठलीच सापडली नाही, तर पोस्टर अजून सजावटीच्या पायरीवरच आहे.

काढून टाकण्याचा गुरू बघायचा असेल तर लुसियन बर्नहार्ड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये ‘प्रीस्टर’ नावाच्या काडेपेट्यांसाठी स्पर्धा होती. सांगतात ते असं की पठ्ठ्यानं आधी टेबल, टेबलक्लॉथ, अॅशट्रे, सिगार आणि सिगारच्या धुरातून निघणाऱ्या नाचणाऱ्या मुलीही काढल्या होत्या. मित्राला ती सिगारची जाहिरात वाटली. मग मुली गेल्या, धूर गेला, सिगार गेली, अॅशट्रे गेला, टेबलही गेलं. उरल्या दोन काड्या आणि नाव. परीक्षकांनी ते बाजूला टाकलं होतं, नंतर आलेल्या एका परीक्षकानं ते उचललं आणि त्यालाच पहिलं बक्षीस दिलं. गोष्टीला मीठमसाला लागला असेल, पण पोस्टर समोर आहे. त्यात दोन काड्या आणि एक शब्द याशिवाय काही नाही, आणि जाहिरात कशाची हे विचारावं लागत नाही.

फ्रान्सचा कासांद्र मी वेगळ्या कारणासाठी बघते. त्याला ठाऊक होतं की त्याचं पोस्टर लोक थांबून बघणार नाहीत, चालत्या गाडीतून बघतील. ‘ड्यूबॉने’ या पेयासाठी 1932 मध्ये त्यानं तीन चौकटी केल्या. टोपीवाला माणूस टेबलाशी बसलाय. पहिल्या चौकटीत पेल्याकडे बघतोय, दुसरीत पितोय, तिसरीत पुन्हा ओततोय. प्रत्येक चौकटीत त्याच्या अंगात रंग वाढत जातो आणि खाली नावाची अक्षरंही तशीच भरत जातात. ‘नॉर्मंडी’ जहाजाचं 1935 चं पोस्टर तर सगळ्यांनी बघितलेलं असतं: जहाज अगदी समोरून, भिंतीसारखं उभं. पण पाण्याशी असलेले ते इवलेसे पक्षी कितीजण बघतात? ते झाका बोटानं. जहाजाची उंची निम्मी होते. भव्य दाखवायला मोठं काढावं लागत नाही, शेजारी लहान काहीतरी ठेवावं लागतं. हा तोडगा मी किल्ल्यावरच्या एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वापरलाय. तटाच्या पायथ्याशी एक बकरी. प्रकाशकांना वाटलं मी मजा करतेय.

स्विस मंडळींबद्दल दोनच वाक्यं. योसेफ म्युलर-ब्रोकमनचं झुरिकच्या टोनहाले या संगीत सभागृहासाठीचं 1955 चं ‘बेथोव्हन’ जरूर बघा, त्यातल्या कमानींची मापं पट्टी घेऊन मोजा, ग्रिड (मांडणीसाठी आखलेली चौकटींची जाळी) शिका. पण देवनागरीवर त्यांचा ग्रिड जसाच्या तसा लावायला जाऊ नका, कारण त्यांच्या ओळींमधलं अंतर आपल्या उकार-वेलांट्यांना पुरत नाही.

आता घरी येऊ. बाबूराव पेंटर हे कोल्हापूरचे. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारा हा माणूस स्वतःचा कॅमेरा जुळवतो, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढतो आणि आपल्या चित्रपटांची रंगीत पोस्टरंही स्वतःच करतो. आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय सचित्र सिनेपोस्टरांत त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं (1924) नाव घेतलं जातं. पडदे रंगवणाऱ्याला मागच्या रांगेतल्या माणसासाठी रंगवायची सवय असते, आणि ती पोस्टरला फार उपयोगी पडते. पुढे मुंबईच्या होर्डिंगवाल्यांनी तेच केलं. छोट्या फोटोवर चौकटी आखायच्या, त्याच चौकटी मोठ्या कापडावर, आणि मग गालावर हिरवा, नाकावर जांभळा. जवळून भुताटकी, रस्त्यापलीकडून रसरशीत कातडी. हुसेनही आधी अशाच फळ्यांवर हात बसवत होते.

सत्तरच्या दशकातल्या हिंदी पोस्टरांत मला दिवाकर करकरे सर्वांत जास्त शिकवून गेले. ‘दीवार’, ‘अमर अकबर अँथनी’ ही त्यांची कामं. जे. जे.त शिकलेल्या या माणसापुढची अडचण कुठल्याही पोलिश चित्रकाराला झेपली नसती. पाच-सहा स्टार, प्रत्येकाचा चेहरा पाहिजे, कोणाचा कोणापेक्षा लहान दिसता कामा नये, शिवाय मारामारी, आई आणि गाणं. सगळे फोटो वेगवेगळ्या सेटवरचे, प्रत्येकावर उजेड वेगळ्या बाजूनं. करकरे फोटोवरच रंग चढवायचे, सुरीनं जाड फटकारे ओढून. त्या फटकाऱ्यांची दिशा नीट बघा. तीच वेगवेगळ्या चेहऱ्यांना एका वाऱ्यात आणते. फोटोंचे जोड त्याखाली बुजतात. आज फोटोशॉपमध्ये दहा डोकी एकावर एक रचलेली पोस्टरं येतात, तिथे नेमका हाच वारा नसतो, म्हणून ती ओळखपत्रांचा गठ्ठा वाटतात.

मुखपृष्ठांसाठी दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. दोघेही मूळ गोव्याचे, दोघांचा काळ एकच, आणि घराघरांत दोघांचे पक्ष असायचे. मी दलालांच्या पक्षातली. 1945 मध्ये त्यांनी ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. त्यांची रंगीत चित्रं लोकांना आठवतात, मला मात्र आतली रेखाचित्रं जवळची वाटतात. तेव्हा आतल्या पानांवर चित्र द्यायचं तर जस्ताचा लाइन ब्लॉक (छपाईचा ठसा) हाच परवडणारा मार्ग होता, आणि त्यात करडा रंग नसतो. काळं, नाहीतर पांढरं. सावली हवी असेल तर ती रेघांनीच करायची किंवा सरळ काळ्यात बुडवायची. दलाल एका रेघेत पदर, खांदा आणि मान वळवून नेतात आणि मध्येच ती तोडतात. तोडलेल्या जागी पांढरा कागदच अंग होतो. मुळगावकरांच्या स्प्रेनं केलेल्या गुळगुळीत देवदेवतांबद्दल मला कधी फार वाटलं नाही, हे कबूल. त्यांनी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांसाठी केलेली मुखपृष्ठं मात्र शोधून बघा. एस. टी. स्टँडवरच्या स्टॉलला लटकलेलं पुस्तक धावत्या माणसानं हातात घ्यावं म्हणून काय काय करावं लागतं, ते तिथे कळतं.

तर आता ‘बघायचं कसं’. एक पोस्टर निवडा. त्यावर बटर पेपर ठेवून मुख्य आकार पेन्सिलीनं गिरवा. गिरवताना हाताला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही. मग ब्रीफ उलट्या बाजूनं लिहून काढा: क्लायंटनं काय मागितलं असेल, त्यातलं काय गाळलंय, काय नाइलाजानं ठेवलंय. मग ते एका शाईत करून बघा. शेवटी टपाल तिकिटाएवढं लहान करा, कारण तुमचं पोस्टर आता बहुतेक लोक मोबाइलवरच्या व्हॉट्सअॅपमध्ये अंगठ्याएवढं बघणार आहेत. शेडग्यांची ती दोन बोटांची चौकट नव्या रूपात परत आलीय म्हणा ना.

यातलं काहीच एआय करून देत नाही. ‘पोलिश पोस्टर स्टाइल’ असं लिहिलं की ते फाटका पोत आणि हातानं काढल्यासारखी अक्षरं छान देतं. ती अट, तो कागद आणि ती कोंडी कुठून आणणार? मी ते रंगसंगती चाळायला वापरते, विचार करायला नाही.

आणि सराव कशावर करायचा, तर खऱ्या मजकुरावर. ‘स्वातंत्र्य’, ‘निसर्ग’ असे विषय घेऊन पोस्टर करणं म्हणजे रिकाम्या मैदानात गोल मारणं. तुमच्या गावातल्या गणेशोत्सवातल्या एकांकिका स्पर्धेचं पोस्टर करा. त्यात संस्थेचं लांबलचक नाव असेल, रौप्यमहोत्सवी वर्ष असेल, प्रायोजकांचे सात लोगो असतील आणि नगरसेवकांचा फोटो असेल. तोमाशेव्स्कीच्या पोस्टरात नगरसेवक नसायचे, हे मान्य. मी काय करते ते सांगते: लोगोंची पट्टी सर्वांत आधी आखते, खालचा साधारण पाचवा भाग, सगळे लोगो एका उंचीचे आणि शक्य तर एका रंगात. तेवढी जागा गेलीच असं धरून उरलेल्या कागदावर विचार करते. पुष्कळजण ते शेवटी चिकटवतात आणि मग सुंदर रचनेच्या नाकावर बँकेचा लोगो बसतो. फोटो टाळता येत नसेल तर तोही पट्टीतच. बहुतेक वेळा लोक मान्य करतात. त्यांना मानाची जागा हवी असते, मोठी जागा नव्हे.

मूळ कामं बघायची असतील तर पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे पोस्टरं आणि गाण्यांच्या जुन्या पुस्तिकांचा मोठा साठा आहे. मुंबईच्या चोरबाजारात जुनी सिनेपोस्टरं अजून मिळतात, फक्त मूळ प्रत आणि नंतरची छपाई यातला फरक ओळखायला शिका. ठिपके भिंगातून बघा. मूळ शिळाछापाचा दाणा वेडावाकडा असतो, ऑफसेटचे ठिपके रांगेत येतात. जुने दिवाळी अंक रद्दीवाल्यांकडे आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत सापडतात. देवनागरीचे आजचे चांगले टाइप बघायचे तर मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ फुकट उपलब्ध आहेत. त्यांत वेलांट्यांना किती जागा दिलीय ते मोजून बघा, तोही एक धडा आहे.

पॉल रँड, सॉल बास, मिल्टन ग्लेझर ही नावं मी मुद्दाम घेतली नाहीत. ती तुमच्या अभ्यासक्रमात आहेत आणि त्यांची पुस्तकं कुठल्याही कॉलेजच्या ग्रंथालयात मिळतील. नाटकांच्या जाहिरातींची जुनी पानं मात्र रद्दीत जातात, ग्रंथालयांत वर्तमानपत्रांचे बांधीव खंड असले तरी त्यांची पानं हात लावला की तुटतात. म्हणून सुरुवात तिथून करा. खंड मागवताना 1960 ते 1980 चा काळ मागा आणि फोटो काढताना पट्टी शेजारी ठेवा, म्हणजे शीर्षक प्रत्यक्षात किती लहान छापलं होतं ते नंतर कळेल.